किडा चावला की आधी हात आवरा, मग डबे उघडा

डास चावला की घरातल्या प्रत्येकाकडे वेगळं औषध असतं. कुणी टूथपेस्ट लावतं, कुणी लिंबू चोळतं, मुलं तर गांधीवर नखाने फुली मारून मोकळी होतात. यातल्या बहुतेक उपायांनी घटकाभर बरं वाटतं, हे खरं आहे. पण बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. हा फरक ध्यानात आला की कोणता उपाय ठेवायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. साध्या चाव्याला औषध लागत नाही, तो काही दिवसांत आपोआप बसतो. त्याला बिघडवतात ती नखं. म्हणून घरगुती उपायाकडून एकच अपेक्षा ठेवावी: खाजवायला निघालेला हात त्याने थोपवावा आणि तसं करताना त्वचेला नवी इजा करू नये. खाली प्रत्येक उपाय याच कसोटीवर घासून पाहिला आहे.

खाज येते कुठून

चावते ती फक्त डासाची मादी, कारण अंडी तयार व्हायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. तिची सोंड आपल्याला एका केसासारखी दिसते, पण आत सहा बारीक सुया असतात. त्यातल्या दोन करवतीसारख्या दातेरी असतात. एका सुईतून रक्त वर येतं आणि दुसरीतून तिची लाळ आपल्या त्वचेत उतरते. रक्त गोठू नये आणि रक्तवाहिन्या सैल पडाव्यात, अशी द्रव्यं त्या लाळेत असतात. भोक इतकं बारीक असतं की ते पडल्याचं बऱ्याचदा कळतही नाही.

पुढचं सगळं आपलं शरीर करतं. लाळेतली प्रथिनं परकी आहेत हे ओळखून त्वचेतल्या पेशी हिस्टामिन सोडतात. त्याने बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, गांध उठते आणि खाजेच्या नसा चाळवतात. ही पहिली गांध वीसेक मिनिटांत दिसते आणि तासा-दोन तासांत ओसरू लागते. दुसरा हप्ता दुसऱ्या दिवशी येतो: तांबडी, जराशी टणक गाठ, जी पाच-सात दिवसही राहू शकते. ‘काल बरं वाटत होतं, आज पुन्हा का खाजतंय’ या प्रश्नाचं उत्तर हेच.

एकाच खोलीत झोपलेल्या दोघांपैकी एकाच्या अंगावर फोड आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं का होतं, तेही यात आलं. ‘मला डास चावतच नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते चावतात, फक्त अंगावर उठत नाही. आयुष्यात पहिल्यांदा चावल्यावर शरीराला ती प्रथिनं ओळखीची नसतात. वर्षानुवर्षं चावून घेतल्यावर काहींचं शरीर त्यांना दादच देईनासं होतं. या दोन टोकांच्या मध्ये जे असतात त्यांनाच सगळ्यात जास्त खाज सुटते आणि लहान मुलं नेमकी तिथेच असतात.

आता खाजवण्याचं. नख ओढलं की बारीकशी वेदना होते आणि ती वेदना खाजेचा संदेश दाबून टाकते. नखाने मारलेली फुली अशीच चालते. पण त्याच ओरखड्याने त्या जागेची सूज वाढते, म्हणून थोड्या वेळाने खाज दुप्पट जोराने परत येते. त्वचा फुटली तर नखांतले आणि त्वचेवरचे जंतू आत शिरतात. चावा पिकतो तो बहुतेक वेळा असाच.

पहिली दहा मिनिटं

१. जागा साध्या साबणाने आणि गार पाण्याने धुवा. पुसताना चोळू नका, टिपून घ्या. बोटाला किंवा हाताला चावलं असेल तर अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढून ठेवा. सूज चढल्यावर अंगठी निघत नाही आणि मग ती कापावी लागते.

२. गार करा. बर्फाचे दोन-तीन खडे किंवा फ्रीजरमधली गोठलेली वाटाण्याची पिशवी रुमालात गुंडाळून दहा मिनिटं धरा. मध्ये थोडा वेळ जाऊ द्या आणि लागलं तर पुन्हा धरा. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नका, त्यानेही त्वचा भाजते. बर्फ नसला तर गार पाण्यात पिळलेला रुमालही चालतो. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज कमी चढते आणि खाजेच्या नसा मंदावतात. माझ्या लेखी हा सगळ्यात भरवशाचा घरगुती उपाय आहे. लोकांना मात्र तो फार साधा वाटतो, म्हणून ते डबे उघडायला धावतात.

३. मग काहीतरी एकच लावा. तीन गोष्टी एकावर एक थापल्या आणि जागा लाल झाली, तर नक्की कशामुळे झाली हे कळायला मार्ग राहत नाही.

४. हात सारखा तिकडेच जात असेल तर वर चिकटपट्टी लावून टाका. ती औषध म्हणून नाही, अडसर म्हणून. झोपेत खाजवणाऱ्यांना हिचा फार उपयोग होतो.

खाजेची लाट आली की नखाऐवजी तळहाताने त्या जागेवर दाब द्या, किंवा शेजारच्या निरोगी त्वचेवर हलक्या हाताने थोपटा. गरम पाण्याच्या अंघोळीने आणि घामाने खाज वाढते, हे लक्षात असू द्या.

डब्यातलं काय चालतं

*खाण्याचा सोडा.* एक मोठा चमचा सोडा वाटीत घ्या. पाणी थेंबाथेंबाने घाला, कारण एकदम ओतलं की पातळ होऊन ओघळतं. बोटाने उचलल्यावर बोटालाच चिकटून राहील इतपत दाट लेप हवा. तो चाव्यावर लावून दहा मिनिटं ठेवा आणि मग पाण्याने धुवून टाका. तासन्‌तास ठेवू नका, त्वचा कोरडी पडते. फुटलेल्या त्वचेवर लावू नका, झोंबतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डब्यावरचं नाव वाचा. धुण्याचा सोडा हा वेगळा पदार्थ आहे, तो फार क्षारीय असतो आणि त्वचा जाळतो. दोन्ही पांढरे, दोन्हींना घरात नुसतं ‘सोडा’च म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

*ओट्स.* चावे दोन-चार नसून अंगभर असतील तर एकेका गांधीला लेप लावत बसण्यापेक्षा हे बरं. साधे, बिनसाखरेचे, बिनमसाल्याचे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करा. पुरेसे बारीक झाले का हे पाहायला एक चमचा पीठ ग्लासभर कोमट पाण्यात ढवळा. पाणी दुधासारखं पांढरट झालं आणि पीठ लगेच तळाशी बसलं नाही, म्हणजे जमलं. हे पीठ पातळ सुती कापडात पुरचुंडी बांधून कोमट पाण्याच्या बादलीत भिजवा आणि ती पुरचुंडी अंगावर हलकेच टिपत दहा-पंधरा मिनिटं घालवा. ओट्समध्ये दाह कमी करणारी द्रव्यं असतात, शिवाय त्यांचा पातळ थर त्वचेतला ओलावा धरून ठेवतो. एक सावधगिरी: फरशी भयंकर निसरडी होते.

*कोरफड.* पान कापलं की कडेने पिवळसर चीक गळतो. तो त्वचेला चुरचुरतो, आपल्याला हवा असतो तो आतला पारदर्शक गर. पान कापल्यावर कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा म्हणजे चीक निथळतो. मग धुवून, हिरवी साल काढून गर लावा. पहिल्यांदाच लावत असाल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दिवसभर वाट बघा. विकतची जेल घेणार असाल तर बिनवासाची घ्या. कोरफडीचं मुख्य काम गारवा देण्याचं आहे. फ्रीजमध्ये ठेवलेली जेल जास्त गुणकारी वाटते ती त्यामुळेच.

*मध* लावला तरी बिघडत नाही, पण खाज कमी करण्याच्या बाबतीत त्याच्याकडून फारशी अपेक्षा नको. चिकटपणा आणि मागे लागणाऱ्या मुंग्या तेवढ्या नक्की मिळतात.

*उष्णता* हा उपाय खोटा नाही. साधारण ५० अंश सेल्सिअसची उष्णता काही सेकंद दिली की खाज कमी होते आणि त्यासाठी पेनासारखी छोटी उपकरणंही मिळतात. पण तापवलेल्या चमच्याचं तापमान आपल्या हातात नसतं. चाव्यापेक्षा भाजल्याचा डाग जास्त दिवस राहतो. मुलांवर तर हा प्रयोग मुळीच करू नका.

काय डब्यातच राहू द्यावं

टूथपेस्टने गार वाटतं ते तिच्यातल्या पुदिन्याच्या अर्कामुळे. तो थंडी ओळखणाऱ्या नसांना चेतवतो, सूज मात्र आहे तिथेच राहते. तिच्यातला फेस करणारा पदार्थ ओरखडलेल्या त्वचेला झोंबतो. गार फडकं हेच काम जास्त नीट करतं.

लिंबाचा रस जास्त धोक्याचा. रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. चुना आणि कच्चा लसूण यांनी त्वचा जळते. व्हिनेगर ओरखड्यावर झोंबतं आणि त्याचा तसा फायदाही नाही.

सुगंधी तेलं बाटलीतून थेट अंगावर घालू नका. पातळ न केलेल्या तेलाने चाव्याच्या जागी नवीन पुरळ उठू शकतं. कापूर आणि कडुनिंबाचं तेल लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नये. पोटात गेलं तर थोड्या प्रमाणातही मुलांना झटके येऊ शकतात. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य अशा वेळी फार महागात पडतं.

औषधाच्या कपाटातलं

गुलाबी कॅलामाइन लोशन जुनं आहे आणि आजही चांगलं. बाटली नीट हलवा, कापसाने टिपून लावा आणि वाळू द्या. त्यातलं झिंक ऑक्साइड त्वचा कोरडी आणि शांत ठेवतं, वाळताना गारवाही मिळतो. डोळ्यांच्या जवळ आणि फुटलेल्या त्वचेवर लावू नये.

गाठ तांबडी आणि टणक झाली असेल तर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन मलम उपयोगी पडतं. अगदी पातळ थर, दिवसातून एक-दोनदा, फार तर आठवडाभर. चेहरा, पिकलेली जागा आणि लहान मुलं यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारा. ‘खाज, खरूज, गजकर्ण सगळ्यावर चालतं’ म्हणून दिलेली मिश्र मलमं टाळा. त्यांत बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड असतं आणि बुरशीचा संसर्ग असला तर तो दबून आणखी पसरतो.

रात्रभर झोप लागत नसेल तर सेटिरिझिन किंवा लोरॅटाडिनसारखी ॲलर्जीची गोळी घेता येते. सेटिरिझिनने काहींना पेंग येते, त्यामुळे ती घेऊन गाडी चालवू नका. मुलांचा डोस वजनावर आणि वयावर ठरतो, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये. गरोदर असाल किंवा इतर औषधं चालू असतील तर आधी विचारून घ्या. हीच ॲलर्जीविरोधी औषधं मलमाच्या रूपातही मिळतात, पण त्यांनी त्वचेलाच ॲलर्जी येण्याची शक्यता असते, म्हणून मी त्यांच्या वाटेला जात नाही.

चावलं कोण, यावर पुढचं ठरतं

मधमाशी चावली तर आधी तिथून लांब व्हा. नांगी टोचली की तिथे एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, आणि तो पोळ्यातल्या इतर माश्यांना हल्ल्याचं बोलावणं असतो. सुरक्षित जागी गेल्यावर नांगी शोधा. तिला आकड्यासारखे काटे असतात, म्हणून ती मधमाशीच्या अंगातून उपटून विषाच्या पिशवीसकट आपल्या त्वचेत राहते आणि काही वेळ विष सोडत राहते. नखाने खरवडा, चिमटीत धरून ओढा, काहीही करा पण पटकन. योग्य साधन शोधण्यात मिनिट घालवण्यापेक्षा हाताला येईल तसं काढलेलं बरं. मग साबण-पाणी आणि बर्फ. गांधीलमाशीची नांगी सहसा आत राहत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डसू शकते. मधमाशीला सोडा आणि गांधीलमाशीला व्हिनेगर हा जुना हिशेब विसरा. विष त्वचेच्या आत गेलेलं असतं, वरून लावलेल्या आंबट-खारटाने त्याला काही फरक पडत नाही.

काही जातींच्या लाल मुंग्या चावल्या की दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पुवाळलेल्या टोकाचे फोड येतात. तो पू जंतूंचा नसतो. फोडू नका, तसेच ठेवले तर आठवड्या-दीड आठवड्यात वाळतात.

गोचीड अंगाला चिकटलेली दिसली तर तिच्यावर तेल, रॉकेल, पेटती काडी यांपैकी काही नको. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी लगत, तोंडाजवळ धरा आणि न पिळता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढा. पोट दाबू नका. जागा साबणाने धुवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा पुरळ उठलं तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

सुरवंटाचे केस टोचले असतील तर चोळू नका. चिकटटेपचा तुकडा त्यावर दाबा, उचला, नवा तुकडा घ्या. असं चार-पाच वेळा केलं की बरेचसे केस निघतात. मग धुवा.

एक किडा मात्र चावतही नाही आणि डसतही नाही, तरी सगळ्यात जास्त जाळतो. मुंगीपेक्षा जरा लांबट, सेंटिमीटरभराच्या आतबाहेर, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे. रात्री दिव्याकडे येतो. मानेवर काही वळवळलं की आपण सवयीने चापट मारतो, तो चिरडतो आणि त्याच्या अंगातलं द्रव त्वचेवर सांडतं. तेव्हा काहीच वाटत नाही. दुसऱ्या दिवशी फटका मारल्यासारखा लांबट लाल पट्टा उठतो आणि त्यावर फोड येतात. कोपर किंवा गुडघ्याच्या घडीत झालं तर समोरासमोर दोन जुळे डाग दिसतात. लोक त्याला नागीण समजून भलतेच उपचार करतात. हा किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा किंवा कागदावर चढवून बाहेर टाका. चिरडला गेलाच तर जागा लगेच साबणाने धुवा आणि त्या हाताने डोळे चोळू नका.

सकाळी उठल्यावर उघड्या अंगावर रांगेत तीन-चार फोड दिसले तर ढेकणांचा संशय घ्या. गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, उशीच्या कडा टॉर्चने पाहा. काळे बारीक ठिपके दिसतात. काहींच्या अंगावर हे चावे कित्येक दिवसांनी उठतात, त्यामुळे ‘काल रात्री काय झालं’ एवढ्याच विचारात अडकू नका. घोट्याभोवती घोळक्याने फोड असतील तर पिसवा, आणि मग उपचार घरातल्या मांजर-कुत्र्यापासून सुरू करावा लागतो.

खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती असेल आणि घरात आणखी कुणालाही असेल, तर ती बहुधा खरूज असते. तिच्यावर सोडा-ओट्स काही चालत नाहीत. डॉक्टरांचं मलम आणि तेही घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं.

मुलांच्या बाबतीत

मुलांचं अंग चाव्याला जास्त जोरात उत्तर देतं. एक नवा चावा झाला की आठवड्यापूर्वीचे, बसलेले फोडही पुन्हा खाजायला लागतात. दोन ते दहा वर्षांच्या मुलांमध्ये हे बरंच दिसतं आणि आईबापांना वाटतं की कसलं तरी रक्तात दोष असल्याचं पुरळ आहे. तसं नसतं, वयाबरोबर ते कमी होत जातं.

काही मुलांचा पापणीला किंवा हाताला चावल्यावर तो भागच्या भाग सुजतो. तासाभरात सुजला, गरम लागला, पण मूल खेळतंय, तर ती बहुधा ॲलर्जीची सूज असते. दोन-तीन दिवसांनी लाली पसरू लागली, दुखायला लागलं, ताप आला, तर जंतुसंसर्ग. वेळेचा हा फरक डॉक्टरांना नक्की सांगा, निदानाला त्याची मदत होते.

नखं आठवड्यातून दोनदा कापा. रात्री हातात पातळ सुती मोजे घाला. ‘खाजवू नकोस’ असं शंभरदा बजावण्यापेक्षा मुलाच्या हातात गार रुमाल द्या आणि खाज आली की हा दाबून धर असं सांगा. हाताला काम मिळतं.

डॉक्टरांकडे कधी

श्वास घ्यायला त्रास, ओठ-जीभ-घसा सुजणं, सगळ्या अंगावर गांधी, चक्कर, एकाएकी उलट्या, यातलं काहीही दिसलं तर सरळ रुग्णवाहिका बोलवा. या अवस्थेत जीव वाचवणारं औषध म्हणजे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. माणसाला आडवं करून पाय थोडे वर उचलून ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या. उठवून चालवू नका. तोंडात किंवा घशात डंख झाला असेल किंवा एकाच वेळी खूप माश्या डसल्या असतील, तर लक्षणं नसली तरी दवाखाना गाठा.

लाली दिवसागणिक पसरत असेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली, पू आला, तांबड्या रेषा वर सरकू लागल्या किंवा ताप भरला तर घरगुती उपाय थांबवा. डास चावल्यानंतरच्या दोन आठवड्यांत जोराचा ताप आणि अंगदुखी आली तर रक्त तपासून घ्या. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

चावूच नये म्हणून

अंगाला लावायच्या द्रव्यांमध्ये डीट आणि पिकारिडिन ही दोन भरवशाची. बाटलीवरची टक्केवारी म्हणजे ताकद नव्हे, ते किती वेळ टिकेल याचा अंदाज. २० ते ३० टक्के डीट काही तास पुरतं. ५० टक्क्यांच्या पुढे जाऊन वेळ फारशी वाढत नाही. डीट उघड्या त्वचेवर लावा, कपड्यांच्या आत नको. चेहऱ्यासाठी आधी हातावर घेऊन मग लावा, डोळे आणि ओठ सोडून. मुलांच्या तळहातांना लावू नका, ते हात तोंडात जातात. सनस्क्रीन लावणार असाल तर आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर हे. घरी आल्यावर धुवून टाका. डीटने चष्म्याची प्लॅस्टिकची फ्रेम आणि घड्याळाचा पट्टा खराब होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काहीच लावू नये, त्याला मच्छरदाणीच. लिंबासारख्या वासाच्या निलगिरीपासून काढलेलं पीएमडी हेही चालतं, पण तीन वर्षांखालच्या मुलांना नाही.

सिट्रोनेलाचा वास छान, पण तो लवकर उडून जातो. दर अर्ध्या-पाऊण तासाने लावायची तयारी असेल तरच त्याच्या नादी लागा. आवाजाने डास पळवणारी यंत्रं, मनगटपट्टे, लसूण खाणं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांचा उपयोग होत नाही. कॉइल बंद खोलीत रात्रभर जाळणं म्हणजे डासाऐवजी धूर छातीत घेणं.

पंख्याला मात्र कमी लेखू नका. डास फार कमकुवत उडतो, ताशी दोन-अडीच किलोमीटर. टेबलफॅनच्या झोतात त्याला तग धरता येत नाही, शिवाय ज्या श्वासाच्या वायूवरून तो आपल्याला शोधतो तोही पांगतो. बाहेर बसणार असाल तर पंखा पायांच्या उंचीवर ठेवा. काळे आणि लाल कपडे डासांना लांबून खुणावतात, पांढरे-फिकट कमी. कपडे सैल हवेत, कारण अंगाला घट्ट चिकटलेल्या कापडातून सोंड आरामात आत जाते. मच्छरदाणीचंही तसंच: कडा गादीखाली खोचा आणि हात-पाय जाळीला टेकणार नाहीत एवढी ती ऐसपैस असू द्या. कपड्यांवर आणि मच्छरदाणीवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल आणि घरात मांजर असेल तर ते ओलं असताना मांजर जवळ येऊ देऊ नका, मांजरांना ते विष आहे.

ढेकणांसाठी चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुवा आणि ड्रायर असेल तर कडक उष्णतेवर अर्धा तास फिरवा. गादीवर कीटकनाशक फवारून त्यावरच झोपणं हा वेडेपणा आहे. प्रवासातून आल्यावर बॅग पलंगावर ठेवायची नाही, हा नियम फुकट आहे आणि खूप वाचवतो.

राहिलं पाणी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला गरम हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून घरातलं सगळं साचलेलं पाणी ओतून द्यावं. नुसतं ओतून मात्र भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तगतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून भांडं ब्रशने घासायला हवं. कुंडीखालची ताटली, फ्रीजमागचा ट्रे, कूलर, फुलदाणी, पत्र्याचे पन्हळ, जुने टायर, गच्चीवर पालथं न घातलेलं घमेलं, ही नेहमीची ठिकाणं. ओतता येत नाही त्या टाकीला घट्ट झाकण, नाहीतर बारीक जाळी. आठवड्याहून जास्त दिवस घर बंद ठेवून जाणार असाल तर निघताना बादल्या पालथ्या घाला, कमोडचं झाकण लावा आणि न्हाणीघरातल्या जाळीवर काहीतरी झाकून जा.